हिमोडायलिसिसच्या पेशंटची नर्सिंग काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात डायलिसिस युनिटला नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरना पहिल्या काही महिन्यांत पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काटोल, उमरेड, रामटेकहून पेशंटला घेऊन येणारे नातेवाईक विचारतात तेही शेवटी आहेत. औषधाचा डोस आणि ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं योग्य वजन) ठरवणं नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं काम. ते ठरलेलं पेशंटच्या अंगावर नीट उतरवणं आपलं.

पेशंट युनिटमध्ये आला की सर्वात आधी काय बघायचं?

वजन काट्यावर दिसेलच, त्याआधी चाल बघा. दारातून खुर्चीपर्यंत येताना धाप लागते का, चपलेचा पट्टा पायात रुतलाय का, मागच्या वेळी स्वतः चालत आलेला माणूस आज मुलाच्या खांद्यावर हात टाकून येतोय का. मग वजन. काटा तोच, चप्पल बाहेर, शाल आणि खिशातला मोबाईल-किल्ल्यांचा जुडगा बाजूला. हिवाळ्यात स्वेटर अंगात ठेवून वजन केलं तर अर्धा किलो "पाणी" उगाच दिसतं. ते काढायला गेलात की तिसऱ्या तासाला बीपी पडलाच म्हणून समजा.

बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही घ्या. नाडी, तापमान, ऑक्सिजन, पायाची सूज, छातीत खालच्या बाजूला खरखर. मग चार प्रश्न रोजचेच: मागच्या डायलिसिसनंतर चक्कर आली का, कुठून रक्त गेलं का (नाक, हिरड्या, काळी शी, बायकांना पाळी), पडझड झाली का, आणि दात काढणं किंवा एखादी छोटी शस्त्रक्रिया ठरली आहे का. ही उत्तरं ऐकल्याशिवाय हेपारिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सिरिंजला हात लावू नये. "डोक्याला थोडं लागलं होतं" हे वाक्य नातेवाईक अर्ध्या डायलिसिसनंतर सहज बोलून जातात.

आज किती पाणी काढायचं, याचा हिशोब कसा करतात?

ड्राय वेट ५२ किलो, आज वजन ५४.८. म्हणजे २.८ लिटर वाढलं. शेवटी रक्त परत करताना जाणारं सलाईन साधारण ३०० मिली आणि मधल्या चहा-पाण्याचे २०० मिली धरले तर एकूण ३.३ लिटर. आता हा आकडा थेट मशीनमध्ये भरायचा नाही. दर तासाला प्रत्येक किलोमागे १३ मिलीच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. ५२ किलोच्या माणसाचे ४ तासांत फार तर २.७ लिटर निघतात. ३.३ लिटर काढायचेच असतील तर वेळ ५ तास करावी लागेल, नाहीतर उरलेलं पुढच्या फेरीला किंवा एक जादा फेरी. यातलं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून ठरवा. पण "चार तासांतच काढून टाका" हा पेशंटचा आग्रह सगळ्यात महाग पडतो. "सिस्टर, उद्या लग्न हाये, आज सारं काढा" असं म्हणणारे काका लग्नाला जाऊ शकावेत म्हणूनच नाही म्हणायचं असतं.

दोन डायलिसिसमध्ये वजन ड्राय वेटच्या ४ ते ४.५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. ५० किलोच्या माणसाला म्हणजे सव्वादोन किलोच्या आत.

ड्राय वेट चुकलंय हे सिस्टरला कसं कळतं?

ते दगडावरची रेघ नाही. पेशंट महिनाभर नीट जेवू लागला की अंगावर मांस चढतं. वजन तेवढंच ठेवलं तर आपण त्याला कोरडं करत जातो. तेव्हा दर वेळी शेवटच्या तासाला पेटके येतात, आवाज बसतो, घरी गेल्यावर दिवसभर पडून राहावं लागतं. उलट आजारपणात मांस झडलं आणि ड्राय वेट तेच राहिलं तर काट्यावर सगळं ठीक दिसतं, पण रात्री आडवं झालं की धाप लागते आणि गोळ्या वाढवूनही बीपी उतरत नाही. सलग दोन-तीन फेऱ्यांत यातलं एक चित्र दिसलं की डॉक्टरांना नोंदीसह सांगा. आकडा कधी बदलायला हवा ते पेशंटशेजारी बसणाऱ्यालाच आधी दिसतं.

फिस्टुला कसा तपासायचा आणि सुया कुठे टोचायच्या?

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि नस शस्त्रक्रियेने जोडून सुया टोचण्यासाठी केलेली जागा. आधी डोळ्यांनी: लाली, सूज, पू, चमकणारी ताणलेली कातडी. मग बोटांनी: जोडापाशी थरथर लागली पाहिजे. ती सलग आणि मऊ असते. थरथर जाऊन नुसते ठोके लागत असतील तर पुढे कुठेतरी नस अरुंद झाली आहे असं समजा. मग स्टेथोस्कोप: घरघर सलग यायला हवी, शिट्टीसारखी बारीक आली तर नोंद करून कळवा. एक सोपी चाचणी: हात डोक्याच्या वर करायला लावा. नस सपाट व्हायला हवी. फुगलेलीच राहिली तर वर अडथळा आहे.

नवीन फिस्टुला साधारण ६ ते ८ आठवडे पिकू द्यावा. सहाचा हिशोब लक्षात राहतो: ६ आठवड्यांनी नस ६ मिमी रुंद, कातडीखाली ६ मिमीच्या आत आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिली. पहिल्या काही वेळा १७ नंबरची सुई आणि रक्त फिरवणारा पंप कमी वेगावर. नस बसली की १६. नंबर लहान तशी सुई जाड, हे नवीन लोकांचं नेहमी उलटं होतं.

पेशंटला आधी साबण-पाण्याने हात धुऊन यायला सांगा. निम्मं काम तिथेच होतं. क्लोरहेक्सिडीन लावल्यावर ते वाळू द्या, फुंकर मारून वाळवू नका. धमनीकडची (रक्त मशीनकडे नेणारी) सुई जोडापासून किमान ३ सेंमी दूर, दोन्ही सुयांच्या टोकांत निदान ५ सेंमी अंतर, कोन साधारण २५ अंश. रक्त परत नेणारी सुई नेहमी हृदयाच्या दिशेने. दोन्ही जवळजवळ आल्या तर धुतलेलंच रक्त पुन्हा मशीनमध्ये फिरत राहतं, आणि चार तास होऊनही युरिया उतरत नाही.

जागा दर वेळी बदला, शिडीच्या पायऱ्या चढल्यासारखी खालून वर. "इथेच टोचा, इथे दुखत नाही" असं पेशंट म्हणतोच, कारण तिथली कातडी बधिर झालेली असते. तीच जागा पुढे फुग्यासारखी वर येते आणि वरची कातडी कागदासारखी पातळ होते.

त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाईन नाही, रक्ततपासणी नाही. दुसऱ्या वॉर्डात पेशंट भरती असेल तर हातावर पट्टी चिकटवून तसं लिहूनच पाठवा.

सुई टोचताच हात फुगला तर?

पंप लगेच बंद. हेपारिन दिलेलं नसेल तर सुई काढून दाब द्या. दिलेलं असेल तर घाई नको: फुगा वाढत नसेल तर कधी कधी ती सुई आहे तिथेच राहू देऊन दुसरी वरच्या बाजूला टोचणं बरं पडतं, वरिष्ठांना बोलवा. पहिले २४ तास कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा-थोडा वेळ, नंतर कोमट शेक. सूज उतरेपर्यंत त्या जागी सुई नाही. काळंनिळं होणार हे पेशंटला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री नातेवाईकांचा घाबरून फोन येतो.

सुई काढल्यावर दाब कसा आणि किती वेळ द्यायचा?

सुई पूर्ण बाहेर आल्यावरच दाबा. आत असताना दाबलं तर टोक नस चिरतं. कातडीचं छिद्र आणि नसेचं छिद्र एकाखाली एक नसतात. नसेचं थोडं वर असतं, म्हणून दोन बोटं लागतात. दाब एवढाच की रक्त थांबेल पण थरथर लागत राहील. १० मिनिटं बोट उचलून बघायचं नाही. घट्ट पट्टा बांधून चहाला जाणं ही फिस्टुला बंद पडण्याची हमखास वाट आहे. २० मिनिटांनंतरही झिरपत असेल तर हेपारिन जास्त झालं, प्लेटलेट कमी आहेत किंवा वरच्या बाजूला नस अरुंद झाली, यापैकी काहीतरी आहे. दर वेळी असं होत असेल तर शेवटचं कारण आधी तपासायला सांगा.

गळ्यातला कॅथेटर हाताळताना काय चुकतं?

(कॅथेटर म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी.) बहुतेक वेळा मास्क. पेशंट आणि सिस्टर दोघांनाही मास्क हवा. पेशंटचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवा, पंखा बंद करा. क्लॅम्प लावल्याशिवाय टोपी उघडायची नाही, एका क्षणासाठीसुद्धा नाही: श्वास आत घेताना हवा थेट हृदयाकडे ओढली जाते. तोंडं अँटिसेप्टिकने घासून पुसा, वाळू द्या. मागच्या वेळी नळीत भरून ठेवलेलं हेपारिन, म्हणजे लॉक, ३ ते ५ मिली रक्तासह ओढून टाकून द्या. ते ढकललंत तर पेशंटला एकदम हजारो युनिट हेपारिन जातं.

शेवटी प्रत्येक नळीत तिच्यावर छापलेल्या आकड्याएवढंच लॉक भरा. लाल आणि निळ्या नळीचे आकडे वेगळे असू शकतात. पारदर्शक ड्रेसिंग आठवड्याला एकदा, गॉजचं असेल तर दर डायलिसिसला, आणि भिजलं, सुटलं की लगेच. मे महिन्यात घामाने ड्रेसिंग दोन दिवसांत सुटतं, तेव्हा आठवड्याची वाट बघू नका. या कॅथेटरमधून रोजचं रक्त काढणं किंवा सलाईन लावणं नाही, भरती वॉर्डातल्या सिस्टर मागतील तरी नाही.

मशीन लावण्याआधी टेक्निशियनवर सोडून न देता स्वतः काय तपासायचं?

एका फेरीत मिनिटाला ५०० मिली या दराने ४ तासांत १२० लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं, मध्ये फक्त डायलायझरचा (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचा) एक पातळ पडदा. म्हणून आरओ प्लांटच्या वहीत आजची सही आहे का हे पाहणं सिस्टरचंही काम. क्लोरीन-क्लोरामाईन कार्बनच्या टाकीत अडतं, आरओच्या पडद्यात नाही. एकूण क्लोरीन ०.१ मिग्रॅ प्रति लिटरच्या आत हवं. ते प्रत्येक पाळी सुरू होण्याआधी, प्लांट किमान १५ मिनिटं चालल्यावर तपासायचं. नगरपालिकेने किंवा टँकरवाल्याने क्लोरीन जास्त टाकलं त्या दिवशी हीच पट्टी पेशंट वाचवते.

मग मशीन: कंडक्टिव्हिटी (डायलायझरमधून जाणाऱ्या द्रवातल्या क्षारांचं माप) साधारण १४ च्या आसपास, तापमान, बायकार्ब आणि ॲसिडचे कॅन बरोबर नळीला. डायलायझरवरचं नाव पेशंटला मोठ्याने वाचून दाखवा, एकाच नावाचे दोन पेशंट एका पाळीत असतातच. पुन्हा वापरायचा डायलायझर असेल तर धुतल्यावर पेरॅसिटिक ॲसिडची पट्टी लावून उरलेलं ३ पीपीएमच्या आत असल्याचं बघा. प्राइमिंगला (लावण्याआधी नळ्या आणि डायलायझर भरून घ्यायला) पुरेसं सलाईन, साधारण १ लिटर, आणि डायलायझरला टिचक्या मारून हवा काढा. हवा ओळखणारा डिटेक्टर चालू आहे हे लावण्याआधी तपासायचं, नंतर नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात मशीन "तापमान जास्त" असा अलार्म देऊन थांबतं. मशीन बिघडलं का?

बहुधा नाही. मशीनला पाणी तापवता येतं, थंड करता येत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी शरीराच्या तापमानाच्याही वर जातं. हीटर बंद असूनही द्रव ३७ च्या वर राहतो आणि मशीन त्याला डायलायझरकडे जाऊ न देता बाजूने सोडून देतं. अलार्म दाबून पुढे ढकलणं अजिबात नको. ४२ अंशांच्या वर लाल पेशी फुटायला लागतात. उपाय बिनखर्चाचे: टाकीवर शेड किंवा गोणपाट, पांढरा रंग, उन्हात पडलेले पाईप झाकणं, दुपारच्या पाळीचं पाणी पहाटे भरून सावलीतल्या टाकीत ठेवणं. टाक्यांचं हे काम एप्रिलच्या आधी उरकलेलं असावं.

बीपी पडतोय हे मशीनच्या आधी कसं ओळखायचं?

जांभया. त्याआधी बोलका माणूस गप्प होतो, कपाळावर घामाचे बारीक थेंब येतात, "सिस्टर, संडासला जायचंय" किंवा "पंखा वाढवा" म्हणतो. बीपीचा पट्टा अर्ध्या तासाने फुगणार असतो, ही लक्षणं त्याआधी दहा मिनिटं दिसतात. म्हणून पाळीभर मोबाईलमध्ये मान घालून बसलेल्या स्टाफपेक्षा खाटांमधून फेऱ्या मारणारा स्टाफ कमी सलाईन वापरतो.

करायचं ते असं: पाणी काढणं शून्यावर, डोकं खाली, पाय वर, सलाईन १०० ते २०० मिली जलद, गरज असेल तर ऑक्सिजन. मधुमेही असेल तर त्याच वेळी साखर बघा, कारण दोन्हीत घाम सारखाच येतो. पाच मिनिटांनी पुन्हा बीपी. छातीत दुखत असेल, नाडी अनियमित असेल तर ईसीजी आणि डॉक्टर.

मशीन रक्तातून पाणी ओढतं, ऊतींमधलं पाणी त्या जागी सावकाश येतं. ओढण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात. म्हणून पुढच्या वेळचा उपाय सलाईनची बाटली नाही: वेग कमी करा, द्रवाचं तापमान ३५.५ ते ३६ वर आणा, डायलिसिस चालू असताना पोटभर जेवण टाळा (जेवलं की रक्त पोटाकडे जातं), आणि सकाळची बीपीची गोळी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना विचारा.

पायात गोळे आले तर?

पाय सरळ, पंजा पेशंटच्या अंगाकडे वाकवा, पोटरी चोळा. पाणी काढणं थांबवा, थोडं सलाईन द्या. वारंवार येत असतील तर ड्राय वेट तपासायची वेळ झाली आहे.

पहिल्यांदा डायलिसिस असेल तर काय वेगळं?

मुद्दाम अर्धवट करायचं असतं. २ तास, पंप मिनिटाला १५० ते २०० मिली, लहान डायलायझर. युरिया खूप वाढलेला असताना रक्त एकदम स्वच्छ केलं तर मेंदूतला युरिया मागे राहतो, तो पाणी ओढतो आणि मेंदूला सूज येते. डोकेदुखी, उलटी, असंबद्ध बोलणं, झटके. नातेवाईक विचारतात, "पैसे भरले, मग पूर्ण का नाही केलं?" त्यांना हे कारण आधीच सांगा.

डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप आला तर?

कॅथेटर असेल तर संसर्ग तिथलाच, असं धरून चाला. अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर, मग डोस. एका पाळीत दोघा-तिघांना एकदम थंडी वाजली तर पेशंटमध्ये शोधू नका, पाण्यात आणि डायलायझर धुण्याच्या खोलीत शोधा. त्या दिवशीचे पाण्याचे आणि द्रवाचे नमुने काढून ठेवा.

क्वचित घडणाऱ्या पण मिनिटांचा खेळ असलेल्या गोष्टी कोणत्या?

सुई निसटणं. पंप ३०० वर असेल तर ३ मिनिटांत ९०० मिली रक्त खाटेखाली. व्हीनस प्रेशरचा (रक्त परत नेणाऱ्या नळीतल्या दाबाचा) अलार्म दर वेळी वाजेलच असं नाही, कारण सुई चादरीत अडकून थोडा दाब टिकून राहतो. म्हणून फिस्टुलाचा हात कधीही पांघरुणाखाली नको, हिवाळ्यात आजींनी कितीही मागितलं तरी. बाकी अंगावर दोन ब्लँकेट द्या.

हवा जाणं: व्हीनस लाईन क्लॅम्प, पंप बंद, पेशंट डाव्या कुशीवर, डोकं खाली, भरपूर ऑक्सिजन, हाक मारा.

रक्त नळीत गडद द्राक्षाच्या दारूसारखं, आरपार दिसणारं झालं, पाठ-छाती दुखू लागली: लाल पेशी फुटताहेत. नळ्या क्लॅम्प करा, ते रक्त परत देऊ नका, पोटॅशियम तपासायला नमुना पाठवा आणि त्या पाण्यावर चाललेली बाकी मशीनही तपासा. कारण क्लोरामाईन, तापलेला द्रव, पातळ द्रव किंवा मुडपलेली नळी.

सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत खाज, घसा आवळणं, अंगावर गांधी, धाप: डायलायझरची ॲलर्जी. इथेही रक्त परत द्यायचं नाही. ॲड्रेनलिन, ऑक्सिजन, डॉक्टर.

लाईट गेली आणि जनरेटर लागेना?

मशीनची बॅटरी थोडा वेळ पंप चालवते. ती संपली तर पंपाचं झाकण उघडा, हँडलने हाताने फिरवा, बाणाच्या दिशेने, सावकाश. व्हीनस लाईन क्लॅम्पमधून सोडवावी लागते, म्हणजे हवेचा पहारा आता तुमच्या डोळ्यांवर. जास्त वेळ लागणार असेल तर रक्त परत देऊन बंद करा. न फिरवता थांबलात तर सर्किटमधलं साधारण २०० मिली रक्त गोठून वाया जातं, आणि या पेशंटचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. हँडल कुठे ठेवलंय ते ड्युटीच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

हेपारिन कधी बंद करायचं?

फिस्टुलाच्या पेशंटला संपण्याआधी ३० ते ६० मिनिटं. अलीकडे रक्तस्राव, शस्त्रक्रिया, डोक्याला मार असेल तर हेपारिनशिवाय. दर १५ ते ३० मिनिटांनी १०० मिली सलाईनने सर्किट धुवायचं आणि तेवढं पाणी हिशोबात धरून काढायचं. डायलायझरमध्ये काळ्या रेघा, व्हीनस चेंबरमध्ये फेस घट्ट होणं, दाब चढत जाणं या गोठण्याच्या खुणा.

डायलायझर किती वेळा वापरता येतो? हेपॅटायटिसचं काय?

वेळा मोजू नका, आकारमान मोजा. आतल्या पोकळीचं आकारमान मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलं की फेकायचा. गळती, रंग, गुठळ्या दिसल्या तर त्याआधीच. हेपॅटायटिस बी असलेल्याचा डायलायझर पुन्हा वापरत नाहीत, आणि त्याला वेगळं मशीन, वेगळी खोली. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे बदलणं आणि एकाच वायलमधून सगळ्यांना हेपारिन न भरणं, या दोन सवयींवर सी चा प्रसार अडतो.

हेपॅटायटिस बी ची लस या पेशंटना दुप्पट, ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी, फिस्टुला नसलेल्या दंडात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० च्या वर आली का ते बघा. नुसतं "लस झाली" लिहून भागत नाही. स्टाफनेही स्वतःची तपासावी.

डायलिसिस पुरेसं होतंय हे कशावरून?

महिन्यातून एकदा आधीचा आणि नंतरचा युरिया. किमान ६५ टक्क्यांनी उतरायला हवा. नंतरचा नमुना घेण्याची पद्धत चुकली तर आकडा खोटाच येतो: पाणी काढणं बंद, पंप १०० वर, १५ सेकंद थांबा, मग धमनीकडच्या लाईनमधून घ्या. आकडा कमी आला तर औषधाआधी बघा: वेळ पूर्ण झाली का, पंप किती चालला, सुया जवळ होत्या का.

औषधं कधी द्यायची?

बी-कॉम्प्लेक्स, फोलिक ॲसिड डायलिसिसनंतर, नाहीतर धुऊन जातात. बऱ्याच अँटिबायोटिकचंही तसंच. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर. जेवणानंतर तासाभराने घेतली तर उपयोग नाही. इन्सुलिनचा सकाळचा डोस डॉक्टरांना विचारून कमी करा, डायलिसिसमध्ये साखर उतरते.

संत्री चालतात का? सावजी? घरात काय शिजवायचं?

हंगामात हा प्रश्न रोज येतो. एका मध्यम संत्र्यात साधारण २०० मिग्रॅ पोटॅशियम असतं. पोटॅशियम ताब्यात असेल तर डायलिसिसच्या दिवशी अर्धं खायला आहारतज्ज्ञ सहसा हरकत घेत नाहीत. रसाचा ग्लास मात्र नको, त्यात दोन-तीन संत्री एकदम जातात. नारळपाणी त्याहून वाईट: एका ग्लासात ५०० ते ६०० मिग्रॅ. कमरख (स्टार फ्रूट) पूर्ण बंद, ते मेंदूवर परिणाम करतं. आणि "बीपीला चांगलं" म्हणून आणलेलं लो-सोडियम मीठ घरातून काढून टाका, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं.

सावजीतला तिखटपणा हा मुद्दा नाही. मीठ आणि त्यामागून लागणारी तहान हा आहे. तर्रीपोह्याचंही तेच: पोहे खा, तर्री राहू द्या. दिवसाचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, लोणचं-पापड-चिवड्यातलं धरून. ८ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर त्यामागे जवळजवळ एक लिटर पाणी धरून ठेवतं.

बटाटा, पालक, गाजर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. नुसतं भिजत ठेवून फार फरक पडत नाही.

प्रोटीन मात्र वाढवायचं असतं, आणि इथे घरोघरी उलटं होतं. डायलिसिसआधी "डाळ कमी" सांगितलेलं असतं, ते नंतरही चालू राहतं. आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं. ५० किलोच्या माणसाला ५० ते ६०. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सहा-सात. शाकाहारी घरात पनीर आणि दही किती, हे फॉस्फरस बघून ठरवावं लागतं.

मे महिन्यात पाणी किती प्यायचं?

दिवसभराची लघवी मोजा, त्यात ५०० ते ७५० मिली मिळवा. चहा, ताक, वरण, बर्फ सगळं त्यात आलं. कैरीच्या पन्ह्याला वेगळी सूट नाही. उन्हात घाम जातो म्हणून थोडं जास्त चालतं, पण किती, हे ग्लास मोजून नाही, सकाळ-संध्याकाळ घरच्या काट्यावर ठरवा. दिवसाला एक किलोच्या आत वाढत असेल तर ठीक.

दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा आणि लहान पेल्यातून प्या. बर्फाचा खडा चघळणं, चूळ भरून थुंकणं, लिंबाची फोड जिभेला लावणं याने घसा ओला राहतो. कूलरसमोर, सावलीत बसणं हाही पाणी वाचवण्याचाच उपाय. दुपारी डायलिसिस संपलं तर लगेच एसटीत बसू नका. अर्धा तास थांबून, उभ्याने बीपी घेऊन मग निघा. उन्हात बीपी पडला की फिस्टुला गोठू शकतो.

एक फेरी चुकली तर?

पोळ्याला, दिवाळीला, पावसात रस्ता बंद झाला की हे होतंच. त्या दिवसापासून फळं, पालेभाज्या, सुकामेवा बंद, पाणी आणखी कमी, आणि लगेच युनिटला फोन. पाय गळून जाणं, नाडी मंद लागणं, छातीत धडधड, झोपता न येण्याइतकी धाप, यातलं काही असेल तर वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात. पोटॅशियम वाढल्याचं पहिलं लक्षण कधी कधी हृदय बंद पडणं हेच असतं.

घरी फिस्टुलातून रक्त सुरू झालं तर?

छिद्रावर थेट बोटाने दाबा, हात वर धरा. वर टॉवेलचा ढीग ठेवू नका, त्याखाली किती जातंय कळत नाही. दाब न सोडता १०८ ला फोन. फुगा आलेल्या जागी खपली, जखम किंवा चमक दिसली तर रक्त येण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. रोज सकाळी उठल्यावर थरथर तपासा. थांबली असेल तर काही तासांत पोहोचलात तर फिस्टुला वाचू शकतो.

खर्चासाठी कोणत्या योजना आहेत?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हिमोडायलिसिस येतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून चालतो, त्यामुळे भंडारा-वर्ध्याकडच्यांनी आपल्या जिल्ह्यात आधी विचारावं. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नागपूरच्या झेडटीसीसीकडे (अवयव प्रत्यारोपणाची प्रतीक्षा यादी सांभाळणाऱ्या संस्थेकडे), उपचार करणाऱ्या नोंदणीकृत रुग्णालयामार्फत लागतं.

गावी किंवा दुसऱ्या शहरात जायचं असेल तर काय सोबत न्यायचं?

एका कागदावर: ड्राय वेट, डायलायझरचा प्रकार, पंपाचा वेग, हेपारिनचा डोस, फिस्टुला की कॅथेटर आणि कोणत्या बाजूला, ॲलर्जी, चालू गोळ्या, शेवटच्या तीन फेऱ्यांच्या नोंदी. सोबत एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी चे अलीकडचे रिपोर्ट. ते नसले तर बहुतेक केंद्रं मशीनवर घेत नाहीत. जाण्याआधी निदान आठवडाभर तिथल्या केंद्राशी बोलून वेळ पक्की करा, आणि परत आल्यावर हे तिन्ही रिपोर्ट पुन्हा कधी करायचे ते आपल्या युनिटला विचारा.